मार खाणाऱ्याची भूमिका

जिझान, १८ जानेवारी २०२४

प्रिय स्वानंददादा यांस हनीफ सिद्दीचा सलाम.

हातात कागद बघून नवल वाटेल. माझा फोन फुटलाय. इथल्या सौदी सरकारी दवाखान्यात डोळ्यांच्या डॉक्टर आहेत, सुखदाबाई, नाशिकच्या. त्यांच्या ओळखीची एक नर्स सुट्टीवर पुण्याला येतेय, तिच्याकडे हे देतोय. उत्तर द्यायचं तर डॉक्टरबाईंच्या पत्त्यावर द्या, माझ्या कॅम्पवर नको.

मी कामावर पडलो. बंदराजवळ एका कारखान्यात आमचं परांची बांधायचं काम चालतं. उंचावरून खाली आलो आणि उजवा डोळा गेला. फोन पण त्यातच गेला. बाकी हातपाय ठीक आहेत. घरी हल्याळला कळवलेलं नाही, तुम्हीही कळवू नका. अम्मा रडत बसेल.

इकडे हवा बरी आहे. फक्त नाक्यावर मला नेहमी गाडीतून उतरवतात. येमेनची सीमा जवळ आहे, पलीकडून हबशी लोक डोंगर चालून येतात, त्यातलाच एक समजतात. मी इकामा, म्हणजे इथला राहायचा परवाना, दाखवतो, हिंदी म्हणजे भारतीय म्हणून सांगतो, तरी शिपाई हसतो, ‘हिंदी असा असतो काय?’ मी तरी त्याला सिद्दी म्हणजे काय ते किती वेळा सांगू! आमचे पूर्वज आफ्रिकेतून आले, मी हल्याळच्या मराठी शाळेत शिकलो, हे त्याला अरबीत सांगायचं कसं?

लिहायचं कारण वेगळंच. आपला पिक्चर आता मोबाईलवर दिसायला लागलाय म्हणे. डायरेक्टर गिरीशसाहेबांना सांगून लाकडांच्या थप्पीमागचा, तुमचा-माझा तो सीन काढता येईल का? तेवढाच. शेवटी मला मारतात तो राहिला तरी चालेल.

तुमचा,
हनीफ


पुणे, ९ फेब्रुवारी २०२४

प्रिय हनीफ,

अरे, डोळा! वाचून सुन्न झालो. कंपनीकडून भरपाई मिळेल ना? वकील लागला तर सांग. गिरीशला कळवलं, त्यालाही वाईट वाटलं. म्हणाला, हनीफचा चेहरा आता आणखी बोलेल. त्याचं बोलणं तुला माहीत आहे, मनात काही नसतं.

आता सीनचं. हनीफ, तो सीन काढला तर सिनेमात राहतं काय? सॉ मिलमधला गरीब हमाल आणि गावचा मास्तर यांचं प्रेम आहे, हे त्या एका सीनमध्ये कळतं. पुढे गाव हमालाला ठेचून मारतं तेव्हा प्रेक्षक रडतो, तो त्या सीनमुळे. गेल्या महिन्यात मला त्याच भूमिकेसाठी पुरस्कार मिळाला. मालिकेत गोडगोड दीर करणाऱ्या नटाने असं काही करायला धाडस लागतं, असं परीक्षक म्हणाले. एका समीक्षकाने तुझ्याबद्दल लिहिलंय, ‘या देहावर दारिद्र्य आणि वासना एकाच वेळी कोरलेली आहे, ही काळ्या शरीराची कविता आहे.’ मी कात्रण पाठवतोय.

तुला लाज वाटत असेल, घरचे काय म्हणतील वगैरे, तर समजू शकतो. पण लाजायचं काहीच कारण नाही. आपण नट आहोत. तू खुनी झाला असतास पडद्यावर, तर खुनी ठरला असतास का? डोकं वर करून सांग, भूमिका होती.

काळजी घे. काय लागेल ते मोकळेपणाने कळव.

तुझा,
स्वानंद


जिझान, २६ फेब्रुवारी २०२४

स्वानंददादा,

मी पडलो नव्हतो.

शुक्रवारी सुट्टी असते. दुपारी सगळे मेसमध्ये जेवत होते. आमचा फोरमन रूपेश, चिपळूणचा, फार हसवणारा माणूस. मला पहिल्या दिवसापासून हबशी म्हणतो. त्याने मेसच्या टीव्हीला फोन जोडला. मला वाटलं, क्रिकेट लावतोय. तर आपला तो सीन लागला. मी उठायला गेलो तर दोघांनी खांदे दाबून परत बसवलं. ‘बस की हीरो, स्वतःचा पिक्चर कोण सोडतं?’ सीन संपला की रूपेश पुन्हा पहिल्यापासून लावायचा. ताटात डाळभात होता, तो माझ्या तोंडाला फासला.

मग त्याने विचारलं, ह्याच्या खोलीत कोण झोपतो? तौकीर झोपतो. मेसचा आचारी, मालेगावचा. तो कढईपाशी उभा होता. रूपेश म्हणाला, ‘तू पण हीरो आहेस का रे?’ तौकीर म्हणाला, नाही. ‘मग मार त्याला.’ तौकीर हलेना. तेव्हा सगळे त्याच्याकडे वळले, एकेक जण बाकावरून उठायला लागला. तौकीरच्या हातात लोखंडी झारा होता, तेलातून काढलेला. त्याने तोच मारला. झाऱ्याची कड डोळ्यात गेली.

एकाने मारल्यावर बाकीच्यांना परवानगी मिळाल्यासारखं झालं. बुटांनी मारलं. फोन टाचेखाली घेतला. दमल्यावर गेले. मला उचलून भाजीच्या गाडीत घालून दवाखान्यात तौकीरनेच नेलं.

पोलिसात जायचं नाही. ते पहिलं विचारणार, भांडण कशावरून? त्याचं उत्तर दिलं की आत मीच जाणार. म्हणून मी पडलो. डॉक्टरबाईंना पण तेच सांगितलं. त्यांनी जखम बघितली, माझ्याकडे बघितलं आणि लिहून घेतलं.

तुमचं कात्रण वाचलं. कविता म्हणजे काय ते नीट कळलं नाही. शूटिंगला माझ्या अंगाला तेल लावायचे, आणखी काळं दिसावं म्हणून. आमच्या घरातला टीव्ही, फ्रीज, अम्माची शिलाई मशीन बाहेर काढून ताडपत्रीखाली ठेवली होती, गरिबी दिसली पाहिजे म्हणून. तुम्ही मासे जाळले आणि मी तुम्हाला ओरडलो, मग दोघं हसत बसलो, तो सीन आठवतो? तो गिरीशसाहेबांनी कापला. मारताना हात उचलायचा नाही, असं बजावलं होतं. हात उचललास तर लोक रडणार नाहीत.

हे फक्त तुम्हाला लिहिलंय. कोणाला सांगू नका. मी आता परांचीवर चढू शकत नाही, स्टोअरमध्ये क्लॅम्प मोजायला बसवलंय. दिवस जातायत.

हनीफ


पुणे, २० मार्च २०२४

प्रिय हनीफ,

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस घराबाहेर पडलो नाही. मग उठलो आणि लिहिलं.

तू सांगू नकोस म्हणालास, पण हनीफ, असल्या वेळी गप्प राहणं म्हणजे त्यांच्या बाजूने उभं राहणं. मी माझ्या पेजवर सगळं मांडलं. तुझं नाव घेतलं नाही, पण सिनेमा आमचा म्हटल्यावर लोकांनी ओळखलंच. एका मराठी फोरमनने भर मेसमध्ये काय केलं, सोबत राहणाऱ्या आचाऱ्याने डोळा कसा फोडला, हे वाचून लोक पेटलेत. हजारोंनी पुढे पाठवलंय. वर्तमानपत्रांतून फोन येतायत. कोणीतरी तुझ्या कंपनीचं नाव शोधून त्यांनाच जाब विचारलाय.

आणि काळजी करू नकोस, मी अगदी स्पष्ट लिहिलंय की तो एक साधा सरळ पुरुष, गावी लग्न ठरलेलं, त्याने फक्त एक भूमिका केली आणि तिची शिक्षा भोगतोय. त्यामुळे तुझ्यावर काही डाग येणार नाही.

तू एकटा नाहीस. उत्तर लवकर दे.

तुझा,
स्वानंद


ईमेल, २ एप्रिल २०२४

श्री. स्वानंद,

मी डॉ. सुखदा. पत्र पोचायला वेळ लागेल म्हणून मेल करते आहे. तुमची ती पोस्ट काढून टाका. हे वाचल्याबरोबर काढा. ज्यांनी ज्यांनी पुढे पाठवली असेल त्यांनाही काढायला सांगा.

कंपनीने रूपेशला बोलावून झाडलं. त्याची नोकरी जाणार होती. शनिवारी तो आणखी दोघांना घेऊन स्टोअरच्या आवारात गेला. तिथे मारामारी झाली. रूपेश मेला. हनीफ पोलिसांच्या ताब्यात आहे, त्याच्या डोक्याला टाके आहेत. तौकीर आमच्याच दवाखान्यात आहे, त्याचा उजवा हात चिरडलाय.

पोलिसांना दोघांनीही वेगवेगळं विचारलं तरी एकच सांगितलं, ड्युटीवरून भांडण झालं. खरं कारण कोर्टासमोर गेलं तर खुनाच्या जोडीला दुसरा गुन्हा लागेल आणि तौकीरही अडकेल. सध्या इथल्या पोलिसांनी तुमचं ते मराठी वाचलेलं नाही. म्हणून म्हणते, काढा.

हनीफला जखमेच्या ड्रेसिंगसाठी माझ्या ओपीडीत आणतात. पायात साखळी असते, शिपाई दाराशी बसतो. काही लिहायचं असेल तर मोजकं लिहा.

सुखदा


पुणे, १६ एप्रिल २०२४

हनीफ,

पोस्ट काढली. जिथे जिथे दिसली तिथे हातापाया पडून काढायला लावली.

गिरीशकडे गेलो होतो. तो म्हणाला, ‘बघ, आपल्याला दुसरा भाग मिळाला.’ माझ्या हातात चहाचा ग्लास होता, तो मी त्याच्या तोंडावर फोडला. त्याच्या हनुवटीला टाके पडले. त्याने तक्रार केली नाही, कारण त्यालाही बातमी नकोय, आत्ता तरी.

डॉक्टर म्हणतात, रूपेशच्या घरच्यांनी, म्हणजे बायकोने आणि वडिलांनी, कोर्टात हक्क सोडला तर शिक्षा काही वर्षांवर येईल. नाहीतर किती वर्षं, कोणी सांगत नाही. चिपळूणला मी जाणार. मला फक्त सांग, काय बोलू? तुझी चूक नव्हती, तू निरपराध आहेस, तू तसा नाहीस, हे सांगू ना?

मी काय करून बसलो ते मला कळतंय.

स्वानंद


जिझान, ५ सप्टेंबर २०२४

स्वानंद,

तुला आता दादा म्हणवत नाही. रागाने नाही. इतकं झाल्यावर अहोजाहो खोटं वाटतं.

इथे मला आधी हबशींच्या बराकीत टाकलं होतं. चेहरा बघून. त्यांची भाषा मला येत नाही, माझी त्यांना नाही. तरी एकजण रोज भाकरी तोडून आधी मला द्यायचा. नंतर कागद आले, हिंदी निघालो, तेव्हा आपल्या लोकांच्या बराकीत आणलं. इथे कोणी भाकरी देत नाही. कोणी म्हणतं तलवारीने मान उडवणार, कोणी म्हणतं नाही. डॉक्टरबाई नाही म्हणतात.

काय झालं ते सांगतो, म्हणजे तुला चिपळूणला सांगता येईल.

मी स्टोअरमध्ये क्लॅम्प लावत होतो. आवारातून ओरडणं ऐकू आलं. आवाज तौकीरचा होता. बाहेर आलो तर दोघांनी त्याला धरलं होतं, हात पाईपच्या गठ्ठ्यावर दाबून ठेवला होता आणि रूपेश मोठ्या पान्याने त्याच्या बोटांवर मारत होता. ‘ह्याच हाताने मारलंस म्हणे, सगळ्या महाराष्ट्राला कळलं.’ मला बघून म्हणाला, ‘ये, हबशी, आता तुझा उरलेला.’ म्हणजे डोळा.

मी पाईप उचलला. परांचीचा, माझ्या खांद्यापर्यंत येणारा. पहिल्याच्या कोपरावर बसला, हाड बाहेर आलेलं दिसलं, तो पळाला. दुसरा न मारताच पळाला. रूपेशने पाना फेकला तो माझ्या कानावर लागला, अर्धा कान लोंबायला लागला. उजव्या बाजूने मला काही दिसत नव्हतं, म्हणून मी गोल फिरत मारत होतो. एक घाव त्याच्या गुडघ्यावर बसला. तो पडला. पडल्यावर खांद्यावर मारलं. त्यानंतर डोक्यात मारलं. ते शेवटचं मारायची गरज नव्हती. तो उठू शकत नव्हता. मला ते दिसत होतं आणि मी मारलं.

म्हणून मी निरपराध आहे असं सांगू नकोस.

आणि मी तसा नाही, असंही सांगू नकोस. तू लिहिलंस, साधा सरळ, लग्न ठरलेला. कोणाशी ठरलं रे माझं? शूटिंगला तू विचारलंस तेव्हा काहीतरी बोलायचं म्हणून मी बोललो होतो. त्या थप्पीमागे तू अभिनय करत होतास. मला करावा लागला नाही. तुझ्यावर जीव होता असं लगेच समजू नकोस, तू मासे सुद्धा जाळतोस. पण इथे आल्यावर तौकीर भेटला. त्याने झारा मारला तेव्हाही तो माझाच होता. नंतर दवाखान्यात रोज डबा आणायचा, माझ्याकडे न बघता भरवायचा. मी त्याला एकदाच विचारलं, इतक्या जोरात का मारलंस? तो म्हणाला, हळू मारलं असतं तर त्यांना कळलं असतं.

त्याला आता एक्झिट देऊन मालेगावला पाठवलंय.

तू रूपेशच्या बायकोला, कीर्तीबाईंना, खरं सांगितलंस तर माझी मान त्यांच्या हातात जाते. कोर्टाला एक अर्ज केला की झालं. तरी खरं सांग. माझ्याबद्दल आजवर ज्याने त्याने आपल्या सोयीचं सांगितलं. मरायचंच असेल तर मी आहे तसाच मरू दे.

हनीफ


पुणे, २० ऑक्टोबर २०२४

हनीफ,

चिपळूणला जाऊन आलो.

घर बाजारापासून आत आहे. पुढच्या खोलीत कीर्तीबाईंचं ब्यूटीपार्लर. खुर्चीत एक गिऱ्हाईक बसली होती, तिने मला मालिकेतला म्हणून ओळखलं आणि फोटो मागितला. त्या फोटोच्या गडबडीत कीर्तीबाईंना वाटलं, मी कसल्या उद्घाटनासाठी आलोय. गिऱ्हाईक गेल्यावर मी म्हणालो, ‘मी हनीफचा मित्र.’

रूपेशचे वडील, अण्णा, आतल्या दारात उभे होते. कोपऱ्यात लोखंडी दांड्याची छत्री होती, ती उचलून त्यांनी माझ्या डोक्यात घातली. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. मी हात वर केले नाहीत. खरं सांगतो, करायला हवे होते असंही वाटलं नाही. कीर्तीबाईंनी मध्ये येऊन छत्री धरली. भुवई फाटली होती. त्यांनीच कापूस लावला, वर चिकटपट्टी लावली, आणि मग म्हणाल्या, ‘आता बोला.’

‘कंपनी म्हणते पडले,’ त्या म्हणाल्या. ‘तिथले मित्र म्हणतात ड्युटीवरून भांडण. मृतदेहाकडे मला कोणी नीट बघू दिलं नाही. मला कोणीतरी सांगा.’

मी सांगितलं. मेसमधला टीव्ही, झारा, माझी पोस्ट, तौकीरची बोटं, पाईप. शेवटचा घाव गरजेचा नव्हता, हेही. तू कोण आहेस हेही. तौकीर तुझा कोण, हेही. मध्ये एकदा अण्णा उठून गेले आणि परत येऊन बसले.

कीर्तीबाई म्हणाल्या, ‘सिनेमाचा तो तुकडा त्यांनी मलाही पाठवला होता. खाली हसणारे चेहरे. मी कामात होते, मीही हसणारा एक चेहरा पाठवला.’ मग म्हणाल्या, ‘ते वाईट नव्हते हो. कुठेही गेले की माणसं हसायची. मुलीला, अहिल्येला, फोनवरून गोष्टी सांगायचे, सगळे आवाज काढून. कोणी हसलं नाही की त्यांना चैन पडायचं नाही.’

त्यांनी नंतर सगळा सिनेमा बघितलाय. मला विचारलं, ‘तो सीन करताना तुम्हाला किळस आली होती का?’ मी म्हणालो, नाही. ‘मग शेवटी तो हात का उचलत नाही? एवढा धिप्पाड माणूस. मला तेव्हाच खोटं वाटलं.’ मी म्हणालो, दिग्दर्शकाने उचलू दिला नाही.

अण्णा म्हणाले, ‘हे सगळं आम्ही कोर्टाला कळवलं तर?’

मी म्हणालो, ‘तर तो सुटणार नाही.’

‘आणि हे माहीत असून त्याने तुला पाठवलं?’

‘हो.’

निघताना कीर्तीबाई दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, ‘शेवटी ते काय बोलले, ते मला त्याच्याकडून हवंय. तुमच्याकडून नको. खोटं लिहिलं तर मला कळेल, मी बारा वर्षं त्यांच्याशी संसार केलाय.’

हनीफ, मी तुला काही सुचवत नाही. सुचवायचा हक्क माझा गेला.

स्वानंद


जिझान, १ डिसेंबर २०२४

कीर्तीताई यांस,

मी हनीफ. तुमचं घर मी मोडलं, म्हणून नमस्कार लिहायचा की नाही, ते मला कळत नाही.

स्वानंदने तुम्हाला सगळं सांगितलं. तुम्ही विचारलंत ते त्याला मी सांगितलं नव्हतं. कोणालाच नाही.

इथे बरेच जण म्हणाले, लिही की त्याने मुलीचं नाव घेतलं, बायकोची आठवण काढली, बायकांचं मन वितळतं. तसं झालं नाही. तो पडला होता. पाय मोडला होता. तोंडात माती गेली होती, ती त्याने थुंकली. मग हात वर केला आणि म्हणाला, ‘बस झालं, हनीफ.’

दीड वर्षात त्याने मला नावाने कधी हाक मारली नव्हती. मला माहीतही नव्हतं की त्याला माझं नाव येतं. ते ऐकून मी थांबायला पाहिजे होतं. मी थांबलो नाही. उलट तेव्हाच जास्त राग आला. येत होतं तर इतके दिवस का नाही, असं काहीतरी डोक्यात आलं आणि पाईप खाली आला.

त्यानंतर तो बोलला नाही. फार वेळ लागला नाही. मी शेजारी बसलो होतो. पोलीस येईपर्यंत तौकीर रडत होता, मी बसलो होतो.

तुम्ही काय कराल ते करा. अण्णांना सांगा, त्यांचा मुलगा पाठ दाखवून मेला नाही.

हनीफ


चिपळूण, १९ जानेवारी २०२५

हनीफ,

तुमचं पत्र पोचलं. खरं आहे हे वाचताच कळलं. हरायची वेळ आली की ते असंच म्हणायचे, बस झालं. माझ्याशी भांडतानाही. आणि तेव्हाच नाव घ्यायचे, एरवी मला काही ना काही टोपणनावच असायचं.

मी लगेच सही करणार नव्हते. खूप दिवस मला वाटायचं, तुम्ही तिकडेच कुजावं. मी पार्लरमध्ये बायकांच्या मानेवरून हात फिरवत असायचे आणि डोक्यात तुमची मान असायची. हे तुम्हाला कळलेलं बरं.

मागच्या आठवड्यात मालेगावहून तौकीर आला. आधी कळवलं नव्हतं. अण्णा छत्री शोधायला गेले. तो ओट्यावरच उभा राहिला आणि म्हणाला, मारायचं तर मारा, मी फक्त दाखवायला आलोय. त्याने उजवा हात पुढे केला. तीन बोटं वळत नाहीत, एकाला नखच नाही. अण्णांनी विचारलं, ‘माझ्या मुलाने केलं?’ तो हो म्हणाला. अण्णांनी तो हात आपल्या हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, एकेक बोट वाकवून बघितलं. तौकीरला दुखत होतं पण त्याने हात काढून घेतला नाही. अण्णा जन्मभर गॅरेजमध्ये होते, पाना कसा बसतो ते त्यांना कळतं. त्यांनी मला आत हाक मारली, ‘ह्याला जेवायला वाढ.’ तो डाव्या हाताने चमच्याने जेवला. तुमच्याबद्दल एक शब्द बोलला नाही. जाताना फक्त विचारलं, तिथे थंडीत पांघरायला देतात का, तुम्हाला काही माहीत आहे का. मला काय माहीत असणार.

काल आम्ही दोघांनी सह्या केल्या. वकील म्हणतात, चार-पाच वर्षं तरी तुम्हाला काढावी लागतील, मग घरी पाठवतील. भांडणाचं कारण आम्ही ड्युटी असंच लिहिलंय. डॉक्टर सुखदांनी कागद पोचवायची व्यवस्था केली आहे.

सही केली म्हणून मी तुम्हाला माफ केलं असं समजू नका. मला ते जमलेलं नाही, आणि जमेल असं तुम्हाला सांगून बरं वाटून घ्यायचं नाही. अण्णा तर तुमचं नावही घेत नाहीत. फक्त तौकीरचा हात तसा होता, आणि तुम्ही खोटं लिहिलं नाहीत, एवढंच आहे.

अहिल्या सात वर्षांची आहे. तिला मी सांगितलंय, बाबा भांडणात गेले. ती अजून विचारत नाही कोणाशी, कशावरून. मोठी झाली की विचारेल. तेव्हा मी तिच्यापासून काही लपवणार नाही, तुमचं नाव सांगेन, गावही सांगेन. ती तुमच्याकडे येईल. बापावर गेली आहे, आल्याशिवाय राहणार नाही. रागाने येईल, शिव्या देईल, कदाचित हात उचलेल.

दार लावून घेऊ नका.

कीर्ती